अकराव्या किलोमीटरला

उदगीरहून देवणीच्या रस्त्याला लागलं
की पहिले दहा किलोमीटर गाडी गुणाची.
अकराव्याला एक उचकी,
मग दुसरी; मूठ पिळावी तर आवाज आतल्या आत ओढला जातो
आणि उतारावर नुसती चेन वाजत राहते.

मी बाजूला घेतो.
मागच्या सीटवर नायट्रोजनचं कॅन, जुन्या ट्यूबने आवळलेलं,
आत उणे एकशे शहाण्णवात देवणी वळूंच्या कांड्या.
तिकडे धुरपताबाईची गाय कालपासून माजावर.
फोनवर म्हणाली, "पहाटंपासनं हंबरायलीय, कवा यायलाव डॉक्टर?"
मी डॉक्टर नाही. पण कुणी म्हटलं तर खोडतही नाही.

टाकीचं झाकण काढून पेट्रोल बघायचं,
काढताना सुस्स व्हायचं,
पेट्रोल असायचं.
दहा मिनिटांनी एका किकमध्ये चालू,
जसं काही झालंच नाही.
हाच तिचा सगळ्यात वाईट गुण.
एकदाची बंदच पडली असती तर भंगारात तरी घातली असती.

त्या दिवशी पोचेपर्यंत चार वाजले.
गाय कडबा खात होती, माझ्याकडे बघितलंही नाही तिनं.
"दुपारीच निवली," धुरपताबाई म्हणाली,
आणि चहा ठेवायला आत गेली.
जनावराचा माज काही
आपल्या कार्बोरेटरसाठी थांबत नाही.

प्लग बदलला. जेट फुंकलं.
फिल्टर नवा टाकला, साठ रुपयांचा.
मेहुणा म्हणाला, कॉइल तापतीय,
तर कॉइलला ओलं फडकं बांधून आठवडाभर हिंडलो;
पोरं विचारायची, गाडीला ताप आलाय का?
पंपावरचा म्हणाला, पाणी असंल. (त्याच्याच पेट्रोलमध्ये!)
सुनंदा म्हणाली, गाडीला काही झालेलं नाही,
तुम्हालाच थांबायचं असतं कुठंतरी.
यावर मी काही बोललो नाही.

गौसोद्दीनचं दुकान म्हणजे चिंचेखाली एक पेटी.
त्यानं पाना उचललाच नाही.
"बंद पडी तो क्या करते तुम?"
थांबतो.
"और?"
झाकण उघडून पेट्रोल बघतो.
"फिर?"
फिर चालू होती.
तो माझ्याकडे बघत राहिला, मास्तर बघतात तसा,
उत्तर पोराच्याच तोंडात आहे आणि पोराला कळत नाही.

झाकण काढलं, उलटं करून सूर्याकडे धरलं.
"छेद में से दिन दिखना. दिखरा?"
दिवस दिसत नव्हता.

बाभळीच्या काट्यानं कोरलं तेव्हा
तळहातावर पडली माती, ज्वारीच्या दाण्याएवढी,
लाळेत मळून घट्ट लिंपलेली.
कुंभारीण माशी.
माझ्या ओसरीतली, रात्रभर उभी असलेली गाडी,
तिला तेवढंच एक भोक सापडलं.
पेट्रोलचा वास कसा सोसला असेल बाईनं!

"पेट्रोल नीचे गया तो उतनी हवा ऊपर से आना.
नहीं आयी तो टाकी अपने कोच चूसते बैठती."
पैसे नको म्हणाला. काट्याचे काय घ्यायचे?

बारा वर्षं मी हाताखालच्या पोरांना सांगतोय:
कॅनचं बूच कधी घट्ट दाबू नका रे,
वाफेला वाट पाहिजे, नाहीतर फुटेल.
बारा वर्षं. आणि त्याच्याच पुढ्यात, हातभर अंतरावर,
माझ्या मांड्यांमध्ये टाकी गुदमरायची
आणि मी प्लग पुसत बसायचो.

एकविसाव्या दिवशी पहाटे फोन आला.
निघालो. दहा झाले. अकरावा आला,
उचकी नाही, काही नाही,
इंजिन एका सुरात.
धुरपताबाईकडे वेळेत गेलो, कांडी भरली,
गाईनं शेपटी मारली तोंडावर, म्हणजे सगळं ठीक.

परत येताना तीच जागा आली, तोच उतार.
गाडी बंद पडली नाही.
मी केली.
झाकण उघडलं, सुस्स झालं नाही.
करडईच्या रानात कुणीतरी मोटार चालू केली होती.
दहा मिनिटं बसलो असेन,
जास्तच, खरं तर.
सुनंदाला सांगितलेलं नाही.